बांबूला घातलेला सदरा

दादाचा सदरा बांबूला घालायची कल्पना माझी नव्हती. पण मी 'नको' म्हणालो नाही, आणि मुद्दामच म्हणालो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे काय फजिती होणार ते मला दिसत होतं आणि ती मला बघायची होती. आयुष्यभर पोरांना शिकवलं, शिकलेला माणूस किती खवचट होऊ शकतो हे मात्र त्यांना कधी सांगितलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मारेगावपासून थोडं आत, नाल्याच्या काठाला आमचं वावर आहे. नाल्यापलीकडे सागाचं आणि पळसाचं जंगल. दादानं सारा जन्म त्या वावरात काढला. मी यवतमाळला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झालो. वर्षातून चार-पाचदा गावी जायचो, ते गावाला मी किती पुढे गेलो हे दाखवायला. गावानंही कधी विचारलं नाही की पुढे म्हणजे नेमका कुठे. सगळे 'सर, सर' करायचे आणि मी मान डोलवायचो. दादा तेवढा 'लहान्या' म्हणायचा, चारचौघांत. मला ते अजिबात आवडत नसे.

आमच्या घराण्याची एक चाल आहे. बाबा तसे चालायचे, दादा तसाच. डावा खांदा पुढे काढायचा, मान त्याच्या मागून न्यायची आणि उजवा पाय दर वेळी थोडा बाहेर फेकून टाकायचा. डांबरी रस्त्यावर चालतानासुद्धा पायाखाली ढेकळं असल्यासारखं. मीही लहानपणी तसाच चालत होतो म्हणे. अमरावतीला होस्टेलात गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात पोरांनी मागून हाक मारली, "काय रे, बैल कुठं सोडले?" सगळी गॅलरी हसली. त्या दिवसापासून मी दुपारी सगळे झोपले की गॅलरीतल्या फरशीच्या रेघेवरून चालायचा सराव सुरू केला. खांदे सरळ, पाऊल सरळ, मान वर. तीन-चार महिन्यांत चाल बदलली. आईनं सुट्टीत बघितलं आणि विचारलं, "कमरीत चमक भरली का रे?" मला आईचाही राग आला. त्या चालीचा मला मनापासून तिटकारा होता आणि दादा समोरून येताना दिसला की तो दर वेळी नव्यानं वाटायचा.

बायको एकदा म्हणाली होती, "थकलात की तुम्ही दादांसारखे चालता." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

कॉलेजात माझा एक प्रयोग गाजलेला होता. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे कागद लावायचे. आमच्या शिपायाला काळे कपडे घालून त्याच्या खांद्यांवर, कोपरांवर, मनगटांवर, कमरेवर, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर चमकणाऱ्या पट्टीचे तुकडे चिकटवायचे. सायकलीच्या मडगार्डला लावतात ती पट्टी. मग अंधारात त्याच्यावर टॉर्च धरायचा. तो उभा असला की पोरांना नुसते ठिपके दिसायचे, कुणी म्हणायचं चांदण्या, कुणी म्हणायचं बटणं. मग मी म्हणायचो, "चला." तो दोन पावलं टाकायचा आणि अख्खा वर्ग ओरडायचा, "सर, शिपाईकाका!" तोंड नाही, कपडे नाहीत, नुसते हलणारे ठिपके, आणि माणूस ओळखला जायचा. मग मी खडू खाली ठेवून सांगायचो की जिवंत प्राण्याची हालचाल ओळखायची नजर माणसाला उपजतच असते, तान्ह्या मुलालाही ती असते.

त्यानंतर हमखास कुणीतरी विचारायचं, "सर, माकडाला येते का हो ओळखता?" याबाबत अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं येते, कुणी म्हणतं की माकडाला पायाची फेक तेवढी दिसते, त्यातून अख्खा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. मी मात्र ठासून सांगायचो, "माणूस ठिपके जोडतो, माकड नुसते ठिपके बघतं." माकडांनी स्वतः येऊन मला सांगितलं असावं अशा थाटात. पोरं वहीत उतरवून घ्यायची. पेपरात ते वाक्य आलं की मी पूर्ण गुण द्यायचो.

असं ठासून सांगण्यामागचं खरं कारण दादा होता. आमच्या नाल्याकाठी वानरांची एक टोळी आहे, काळ्या तोंडाची, लांब शेपटांची. गावातले लोक त्यांना मारुतीराया म्हणून हात जोडतात आणि जोडलेले हात सुटले की त्याच हातांनी धोंडा उचलतात. वानरांना दोन्हींचं काही वाटत नाही. दादाचं म्हणणं असं, की तो पांदणीनं, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेनं, वावराकडे वळला की टोळीला खबर लागते आणि सगळी झाडावर जातात. तो नुसता धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक चक्कर मारायचा, हातातली गोफण बहुतेक वेळा खांद्यावरच असायची. शेजारच्या वावरात फटाके फुटायचे, डबे वाजायचे, आमच्या वावराला मात्र दादा चालला की पुरायचं.

"हे वांदर मले चालीवरून ओयखते," तो म्हणायचा. "कपड्याचं नाई, काठीचं नाई. चालच."

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी म्हणालो, आपण पडताळून बघू. ज्वारी दाण्यात आली होती आणि वानरं रोज यायची. मी दादाचं धोतर नेसलो, त्याचा सदरा घातला, डोक्याला त्याचं दुपट्टं बांधलं, खांद्यावर गोफण टाकली आणि धुऱ्यावरून चालत गेलो. दोन माद्यांनी माना वर करून बघितलं आणि पुन्हा कणसाला लागल्या. हुप्या, म्हणजे टोळीतला मोठा नर, तो तर चार पावलं माझ्याच दिशेनं आला. मी सदरा सावरत परत फिरलो. मग दादा निघाला. त्यानं माझी टेरिकॉटची पँट घातली होती, माझा चौकड्यांचा शर्ट, आणि वर माझा काळा गॉगलसुद्धा लावला होता. इतका हास्यास्पद माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तो पांदणीच्या वळणावर जेमतेम दिसला असेल, तेवढ्यात झाडं हलली आणि टोळी नाल्यापार गेली.

मी म्हणालो, "वारा तुझ्या पाठीकडून होता. वास गेला त्यांना."

दादा म्हणाला, "असन." आणि गॉगल पुसून माझ्या हातात दिला. वाद घातला असता तर मी त्याला हरवलं असतं. त्याचं ते 'असन', म्हणजे 'असेल', मला पुढे चाळीस वर्षं टोचत राहिलं.

यंदा पोळ्याच्या आठवड्यात दादाला लकवा मारला. उजवी बाजू गेली. यवतमाळला दवाखान्यात ठेवलं, धावपळ मी केली आणि ती केली हे सगळ्यांच्या लक्षात राहील अशा बेतानं केली. महिन्यानं तो घरी आला. उजवा हात लोंबत होता, उजवा पाय ओढून टाकावा लागत होता, जीभ जड झाली होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. घरच्यांनी त्याला ओसरीत खाटेवर बसवलं आणि न्हाणीपर्यंत जायलाही सोबत दिली, म्हणजे चालायचं राहिलंच. येणारा-जाणारा ओसरीपाशी थांबून त्याच्याकडे बघायचा आणि त्याच्यादेखत दुसऱ्यालाच विचारायचा, "आता कसं हाय?" दारात बांधलेल्या गुराबद्दल असंच विचारतात.

दादाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, मारेगावला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. चार तारा जोडता आल्या की माणूस स्वतःला इंजिनियर समजतो, त्यातला तो. तुरीला शेंगा धरल्या तसं वानरांनी वावरात रोज उतरायला सुरुवात केली. दादा दिसत नव्हता, त्यांना अडवणारं कोणी उरलं नव्हतं. पुतण्या एक दिवस जेवताना म्हणाला, "यंदा तूर वांदरायनं खाल्ली तर पुढच्या सालापासून वावर मक्त्यानं देऊन टाकतो. माह्याच्यानं दुकान अन् वावर दोन्ही होत नाई."

दादा समोरच खाटेवर बसला होता. लकवा त्याच्या पायाला झाला होता, कानाला नव्हे. तो जड जिभेनं म्हणाला, "मले फक्त धुऱ्यावर नेऊन बसवा. मी दिसलो का येत नाईत ते."

पुतण्यानं वरणाची वाटी पुढे ओढली. वहिनी म्हणाल्या, "तुमी चूप बसा जी, पडसान कुठी." मी जेवत राहिलो. वावर दुसऱ्याच्या हाती गेलं तर दादा या खाटेवरून उठणार नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. एवढं प्राणिशास्त्र मला येत होतं.

मी तेव्हा आठ दिवस गावीच होतो, कारण यवतमाळच्या घरी रंगकाम काढलं होतं. त्याच आठवड्यात पुतण्याच्या डोक्यातून यंत्र निघालं. रानडुकरांसाठी वावराभोवती झटका मशीनची तार होतीच, तिची बॅटरी सौर पॅनेलवर चालते. त्या बॅटरीला त्यानं भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटर जोडली आणि मोटरीला बांबूचा हात. बटण दाबलं की हात डावीकडे, हात उजवीकडे. बुजगावणं हात हलवणार आणि वानरं पळणार, असा तो शोध होता. मारेगावातून दोन मित्र तो बघायला आले आणि "लय भारी" म्हणून चहा पिऊन गेले.

आमच्याकडे बुजगावण्याला राखणदाराचे कपडे घालतात. धुतलेले चालत नाहीत, घामाचे लागतात. माणसाची जरब कपड्यात उतरते असं समजतात. एरवी तो माणूस वावरात हिंडता-फिरता असतो, त्याचा फाटका सदरा बांबूवर आणि तो स्वतः खाली, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. या खेपेला माणूस खाटेवर होता. वहिनींनी दादाचा रोजचा सदरा हातात घेतला आणि माझ्याकडे आल्या.

"भाऊजी, जित्या माणसाचा, अंगावरचा सदरा हाय. तेही असे पडलेले. देऊ का? तुमी शिकलेले हा, तुमीच सांगा. वांदर ओयखन का सदरा?"

हाच सदरा घालून मी वानरांपुढे गेलो होतो. हा नव्हे, पण असाच. त्यांनी मला कशी किंमत दिली ते मला चांगलं आठवत होतं. या अख्ख्या जिल्ह्यात या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या अनुभवावरून देऊ शकणारा मी एकटाच माणूस असेन. मी म्हणालो, "करून बघा."

मोटर बसवतानाही मला एक गोष्ट दिसत होती. जिवंत प्राणी एका तालात हलत नाही. हात उचलायच्या आधी खांदा तयारी करतो, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, मान आधी वळते आणि धड मागून येतं. प्राणी मध्येच थांबतो आणि का थांबला हे बघणाऱ्याला कळत नाही, म्हणून तर बघणारा बिचकतो. वायपर काच पुसायचं सोडून कधी विचारात पडत नाही. पुतण्या घामाघूम होऊन नट आवळत होता आणि मी वावरातल्या राखणीच्या मचाणावर बसून त्याला मनातल्या मनात शून्य गुण देत होतो.

पहिल्या दिवशी वानरं झाडावर गेली. हुप्या खाकरल्यासारखा आवाज काढत फांदीवर उभा राहिला आणि सगळी टोळी त्या हलणाऱ्या हाताकडे बघत बसली. पुतण्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून त्याच्या गळ्यात हार घालावा. दुसऱ्या दिवशी एक पिल्लू धुऱ्यापर्यंत आलं. हात डावीकडे गेला की त्याचं डोकं डावीकडे, हात उजवीकडे गेला की उजवीकडे. दहा-बारा वेळा तसं केल्यावर त्यानं जांभई दिली आणि अंग खाजवायला लागलं. मला तेवढं पुरे होतं. ज्याचा पुढचा हेलकावा आधीच कळतो, त्याला कशाला भ्यायचं, हे त्या पिल्लाला दोन दिवसांत कळलं. मारेगावच्या दोन मित्रांना ते अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी पिल्लू त्या हातावर बसून झोके घेत होतं. त्याची आई बुजगावण्याच्या खांद्यावर बसून शेंगा सोलत होती आणि टरफलं दादाच्या सदऱ्यावर पडत होती. बाकीची टोळी तुरीत होती. पुतण्यानं कचकचीत शिवी दिली, पण मोटर बंद करायच्या आधी खिशातून मोबाइल काढला. आधी व्हिडिओ, मग तूर.

व्हिडिओ दुपारपर्यंत गावभर फिरला. मी ओसरीत पेपर वाचत बसलो होतो तेव्हा शेजारचा एक जण हसत हसत आला आणि मोबाइल दादाच्या डोळ्यांपुढे धरला. "पाह्यजा, तुमच्या खांद्यावर कसं बसलं ते! मांडीवर घ्या आता त्याले!"

दादानं तो बघितला. मग डाव्या हातानं खूण करून पुन्हा लावायला सांगितलं आणि पुन्हा बघितला. शेजारी वाट बघत होता की दादा हसेल. तो हसत नाही म्हटल्यावर, "मजाक हाय जी," असं काहीतरी म्हणत निघून गेला. मी पेपर वरच धरून ठेवला होता. हीच फजिती मला बघायची होती, फक्त ती दादाची होईल हे माझ्या हिशेबात नव्हतं. मला स्वतःची किळस आली. किळस येऊनही मी उठून त्याच्याजवळ बसलो नाही.

जेवण झाल्यावर दादा म्हणाला, "लहान्या, मले सकायी वावरात ने."

"पडशील," मी म्हणालो.

"तुले येक काम सांगतलं."

सकाळी पुतण्या दुकानाला गेल्यावर मी ऑटो बोलावला. पांदणीच्या तोंडापर्यंत ऑटो गेला, पुढे पायी जायचं होतं. दादानं डाव्या हातात काठी घेतली आणि पुढे निघाला. मला म्हणाला, "तू मांगं राय. त्यायले मी दिसलो पाह्यजे."

मी मागून चालताना त्याच्याकडे बघत होतो. काठी पुढे, मग डावा पाय, मग सगळं अंग डावीकडे झुकवून उजवा पाय जमिनीवरून ओढत आणायचा. डावा खांदा, जो जन्मभर पुढे असायचा, तो आता काठीवर रेलून खाली गेला होता. बाहेर फेकला जाणारा पाय मातीत रेघ काढत येत होता. माझ्या प्रयोगशाळेत या माणसाला पट्ट्या चिकटवून उभा केला असता तर मीही त्याला ओळखलं नसतं. हे मला पांदणीच्या तोंडाशीच समजलं होतं. त्याला थांबवावं असं मला वाटलं, आणि थांबवून काय सांगावं ते सुचलं नाही. चालीवरून ओळखतात हे मान्य केल्याशिवाय आता ओळखणार नाहीत हे सांगता येत नव्हतं. चाळीस वर्षांची अडचण होती ती.

वळणावरून वावर दिसलं. मोटर बंद होती, सदरा बांबूवर लोंबत होता. तुरीत पंधरा-वीस वानरं होती. दादा थांबला, श्वास घेतला आणि धुऱ्यावर चढून चालायला लागला.

एक मादी अगदी जवळ होती. तिनं त्याच्याकडे बघितलं. तिचं पिल्लू हातभर अंतरावर खेळत होतं, ते तिनं जवळसुद्धा ओढलं नाही. हुप्या तुरीच्या ओळीत बसला होता. त्यानं मान वर केली, दादाच्या काठीकडे, पायाकडे, पुन्हा तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग हात लांबवून एक फांदी वाकवली आणि शेंगा ओरबाडायला लागला. दादानं पावलं उचलून टाकायचा प्रयत्न केला. उजवा पाय बाहेर फेकायला गेला आणि अडखळला. मी धरला नसता तर तोंडावर पडला असता. त्याला मी धुऱ्यावर बसवला.

"ओयखलं नाई त्यायनं मले," तो म्हणाला.

त्याचे डोळे भरून आले. पुसायला त्यानं सवयीनं उजवा हात उचलू पाहिला, तो उचलला गेला नाही. मग काठी सोडून डाव्या हातानं पुसायला लागला आणि काठी घरंगळत धुऱ्याखाली गेली.

मला इतका राग आला की काय करावं कळेना. वानरांचा आला, पुतण्याचा आला, व्हिडिओ दाखवणाऱ्या त्या शेजाऱ्याचा, होस्टेलातल्या गॅलरीचा, आणि सगळ्यात जास्त 'करून बघा' म्हणणाऱ्या माझा. हातात दगड नव्हता, काठी नव्हती. मी नुसता उठलो आणि धुऱ्यावरून त्या हुप्याच्या दिशेनं चालत सुटलो.

दहा-बारा पावलं गेलो असेन. हुप्याच्या तोंडातली शेंग पडली. तो दोन पायांवर उभा राहिला, एकदा खाकरला, आणि त्या मादीनं झडप घालून पिल्लू पोटाशी घेतलं. तुरीच्या ओळी एकदम हलल्या. अख्खी टोळी नाला ओलांडून सागावर चढली, मागे वळून न बघता.

मी जागीच उभा राहिलो. मला वाटलं मागे दादाच उठून चालत आला असणार. वळून बघितलं तर तो धुऱ्यावर होता तिथंच बसला होता आणि हसत होता. अर्ध्या तोंडानंच हसत होता, पण लकवा मारल्यापासून मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं.

"आता ओयखलं," तो ओरडला. "पाह्य, पाह्य, हालू नोको. खांदा पाह्य तुवा!"

मी खाली बघितलं. माझा डावा खांदा पुढे निघालेला होता. उजवा पाय धुऱ्याच्या कडेबाहेर फेकलेला, चवडा बाहेर वळलेला. फरशीच्या रेघेवरून तीन-चार महिने चालून घालवलेली चाल माझ्या अंगात तशीच होती. मी तिला चाळीस वर्षं कोंडून ठेवलं होतं आणि मला ती गेलीच असं वाटत होतं. अंगात स्वेटर होता, पायात बूट होते, पँटीला इस्त्री होती. वानरांनी त्यातलं काहीच बघितलं नव्हतं.

दादानं विचारलं, "वारा कुठून हाय रे?"

मला त्याचा रोख कळला. मी तोंड फिरवून बघितलं. वारा नाल्याकडून येत होता, वानरांकडून माझ्याकडे, सरळ माझ्या तोंडावर. वास नेणारं काही नव्हतं. "नाल्याकडून," मी म्हणालो.

"असन," दादा म्हणाला.

मी वळलो. बुजगावण्यापाशी गेलो, बांबू उपटला, मोटर तारेसकट धुऱ्यावर टाकली आणि सदरा सोडवला. खांद्यावर वानराची घाण पडली होती, खिशात टरफलं अडकली होती. ती झटकत मी दादाजवळ आलो. अजूनही मला सरळ बोलता येत नव्हतं, म्हणून तिरकसपणे म्हणालो, "मग काय, आता हा मीच घालू?"

दादानं डावा हात पुढे केला.

"तो मले दे," तो म्हणाला. "तुले त्याचं काय काम हाय? तू नुसता चाल. उद्यापासून जरा लवकर येत जाय, सकायी त्यायले भूक जास्त रायते."